पडद्याला वन्स मोअर

ओवी, कबीर, आज कपाट आवरताना तुमच्या पणजीची अत्तराची कुपी सापडली. झाकण काढताच हिना दरवळला, म्हणून हे लगेच लिहिते.

थेरगावची शेती सांभाळून सासूबाईंनी एक संगीत नाटक नऊ वेळा पाहिलं होतं. त्याचा सिनेमा आला, तेव्हाही त्या नाटकाला निघाल्यासारख्या, कानात अत्तराचा फाया घालून माझ्यासोबत थिएटरात आल्या. आवडतं गाणं संपलं आणि त्या उभ्या राहून ओरडल्या, “वन्स मोअर!”

सगळे हसले. मी नवी, इंग्रजी शिकलेली सून शरमेने अर्धी झाले. त्यांचा पदर ओढत म्हणाले, “आत्याबाई, बसा ना! पडद्याला काय ऐकू येतंय?”

“पडद्याला न्हाई, पर वरच्या मशीनवाल्याला कान हायेत की!”

मागे पहिली शिफ्ट संपवून आलेले कामगार बसले होते. तेही ओरडू लागले. पडदा काळा झाला, दिवे लागले आणि थोड्या वेळाने तेच गाणं पुन्हा सुरू झालं. ते संपल्यावर “वन्स मोअर” ओरडणारी पहिली मी होते.

आता ते थिएटर नाही, सासूबाईही नाहीत. गाणं मात्र मला अख्खं पाठ आहे.