मायाक्काचे कान

मायाक्काचं माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढपाळाचं. लहानपणी वडिलांच्या मागून मेंढरं राखता राखता तिचे कान तयार झाले. कोणतं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे ती पाठ फिरवून नुसत्या ओरडण्यावरून सांगायची. लग्नानंतर सोलापुरात आमच्या शेजारी राहायला आली, पुढं तिची मुलगी पूनम मी शिकवायचे त्या वर्गात आली, तेव्हाही ते कान तसेच होते. मी जिना उतरायला लागले की खालून म्हणायची, "बाई, आज गुडघा लई धरलाय की."

त्या कानांनीच तिला दगा दिला.

ती चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जायची. कापायच्या यंत्रावर दोघी असत. वळसंगची शिवबाई कापड सरकवायची आणि मायाक्का बाजूला उभी राहून दांडा ओढायची. दांडा ओढला की पातं खाली यायचं. शिवबाईच्या घरात कानडी, हिच्या घरात मराठी, पण डबा दोघींचा एक. गेल्या उन्हाळ्यात पात्याखाली सुताचा गुंता अडकला. शिवबाईनं तो काढायला हात घातला आणि पातं खाली आलं. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. यंत्रात बिघाड होता, असं ठरलं. मायाक्का काही बोलली नाही.

पुढं थोड्याच दिवसांत तिची उजवी मूठ मिटली, ती उघडेना. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नसा तपासल्या. हातात काही दोष नव्हता. देवऋषी झाला, लिंबं उतरून झाली. शेवटी दवाखान्यातून तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी औषधांबरोबर संमोहनाचा उपचार सुचवला.

ते ऐकून तिचा नवरा हरिबा माझ्याकडे आला.

"बाई, परवा बाजारात चोरानं एका बाईच्या डोळ्यांत बघितलं आन् तिनं आपल्या हातानं पाटल्या काढून दिल्या. भुरळ म्हणत्यात ती. आता आमी पदरचं पैसं देऊन भुरळ घालून घ्यायची व्हय?"

"चोर गोड बोलला असेल, ती फसली असेल. घरी काय सांगायचं म्हणून भुरळ म्हणाली असेल."

"तुमी तितं हुता व्हय?"

"तू होतास का?"

तो डोकं खाजवत निघून गेला.

मायाक्काची भीती मात्र वेगळी होती. दुपारी ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"बाई, भूल दिली की माणूस पोटातलं सगळं बोलतं म्हनं. पूनमनं मोबाईलवर दावलं."

"तुझ्या पोटात असं काय आहे गं?"

तिनं मूठ पदराखाली घेतली. मग सांगितलं. बाजूच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट चालू होता. पात्याखाली हात असताना शिवबाई काहीतरी ओरडली. मायाक्काला ऐकू आलं, "वड." ओढ. हिनं दांडा ओढला. शिवबाई म्हणाली होती, "ब्याड." कानडीत त्याचा अर्थ नको.

"इतकी वर्सं यंत्रावर तिच्या शेजारी हाय बाई. मला ब्याड कळत न्हाय व्हय? चटणी नगं असली की रोज म्हनायची ती. शंभर मेंढरांत एक कोकरू वळकणारी मी. मग त्या दिशी वड कसं ऐकू आलं? का ऐकलंच न्हाय मी, आन् सवयीनं वडला?"

हे शब्द भुलीत आपल्या तोंडून बाहेर पडतील आणि चार जणांच्या तोंडून फिरत शिवबाईपर्यंत जातील, या भीतीनं तिची झोप उडाली होती.

मी तिला आमच्या शाळेतल्या रावजी शिपायाची गोष्ट सांगितली. एकदा शाळेत संमोहनाचे प्रयोग करणारा माणूस आला होता. त्यानं रावजीला व्यासपीठावर बसवून कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावला. पोरं हसून लोळली. पुढं मी रावजीला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, कांदा कांदाच लागत होता. पण समोर सगळी शाळा बसलेली, कोण नाही म्हणणार?"

"म्हंजी भूल न्हाय, भीड," मायाक्का म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती थोडी हसली. जायला तयार झाली, पण मी सोबत बसायचं, या अटीवर.

डॉक्टरीणबाईंनी मला कोपऱ्यात बसू दिलं. लंबक नाही, डोळ्यांत रोखून बघणं नाही. त्यांनी तिला श्वासाकडं लक्ष द्यायला सांगितलं. मग जिथं निवांत वाटेल अशी जागा आठवायला सांगितली. मायाक्कानं वडिलांचं वाडगं सांगितलं, मेंढरं बसवायचं. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलत राहिल्या. कोकराच्या पाठीवर हात ठेवलाय, लोकर ऊबदार आहे, असं काहीसं. तिची बोटं जराशी सैल झाली. तळव्यात रुतलेल्या नखांच्या खुणा मला दिसल्या. तेवढ्यात बाहेरून एक रिक्षा गेली.

"सायलेन्सर फुटलाय त्याचा," डोळे मिटलेलेच ठेवून मायाक्का म्हणाली. डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं.

डोळे उघडल्यावर ती जरा नाराजच दिसली. "भूल चढलीच न्हाय की. मला सगळं ऐकू येत हुतं."

"ही ऑपरेशनची भूल नाही, मायाक्का. तुम्ही जाग्याच असता. तुम्हाला जे सांगायचं नाही, ते मी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही."

त्यावर मायाक्का मला अपेक्षा नसलेलं बोलली. "मग येवढं करा. एका दिशी मी एक सबुद ऐकला. त्यो खरा कुठला हुता, ते माज्या डोक्यातनं काढून मला ऐकवा."

"मनात टेप भरून ठेवलेली नसते हो. मी खोदत बसले तर मनच एखादा शब्द तिथं घालून देईल आणि तुम्हाला तोच खरा वाटेल. ते मी करणार नाही. मुठीचं मात्र जमेल. वेळ लागेल, येत राहा."

रस्त्यावर येईपर्यंत मूठ पुन्हा मिटली होती.

"बाई, तोंडातनं निघंल म्हनून भीत हुते," मायाक्का म्हणाली. "आता वाटतंय, निगालं असतं तर बरं झालं असतं. भुलीत बोलले, असं म्हनता आलं असतं. आता माजं मलाच सांगावं लागणार."

रविवारी आम्ही एसटीनं वळसंगला गेलो. शिवबाई कट्ट्यावर बसून डाव्या हातानं तूर निवडत होती. तिनं "बस" म्हटलं, तरी मायाक्का बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. दांडा मी ओढला, यंत्र चांगलं होतं, हेही सांगितलं.

शिवबाईचा हात सुपात थांबला.

"काय ऐकू आलं म्हनतीस?"

"वड."

"ब्याड," शिवबाई स्वतःशीच पुटपुटली. "वड. ब्याड." दोन्ही शब्द ती तोंडात घोळवून बघत होती. आतून सासूनं कानडीत काहीतरी विचारलं. तिनं सूप बाजूला सारलं.

मायाक्का पाया पडायला वाकली. मिटलेली मूठ शिवबाईच्या पावलांकडं गेली.

"ब्याड," शिवबाई म्हणाली.

अंगणात कसलाच आवाज नव्हता, या वेळी शब्द स्वच्छ ऐकू आला. मायाक्का वाकली होती तिथंच थांबली. शिवबाईनं तिला ऊठ म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.