नाकोबाचा शेंदूर

शेंदूर फासायची अक्कल माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी धुळाजीला मूर्ख म्हणायला नको. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शहाणपण शिकवलं आणि नको तेव्हा स्वतःची अक्कल गहाण टाकली, अशी मी मंगलबाई.

उमापूरच्या पुढे, आमच्या वस्तीच्या शिवेवर, निजामाच्या काळातला करोडगिरीचा नाका आहे. पलीकडे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचा. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर इथे जकात घ्यायचे. आता अर्धं छप्पर बसलेली एक दगडी खोली उरलीय. सत्तेचाळीस साली धुळाजीच्या आज्याला, तानाजीला, त्या खोलीत एकोणीस दिवस कोंडलं होतं. गुन्हा काय, तर पलीकडून येताना गाडीत कडब्याखाली मराठी वर्तमानपत्रं आणली! विसाव्या दिवशी त्याला कुठे नेलं ते आजवर कोणाला कळलं नाही. जाण्याआधी त्यानं जळक्या काडीनं आतल्या चुन्याच्या भिंतीवर बायकोसाठी ओव्या लिहिल्या.

पाभर चालव सये, वाट माझी पाहू नको,
रास खळ्याला पडता वाटा माझा मोडू नको.

पेरणीच्या पाभरीपासून खळ्यापर्यंत अशा चार होत्या, आणि खाली त्याचं नाव.

धुळाजी आजीच्या कडेवर बसून त्या भिंतीवरच अक्षरं शिकला. चौथीत शाळा सुटली, हातात कोयता आला, आणि पुढची तीस वर्षं माजलगावच्या उसात गेली. दसऱ्यानंतर टोळी निघाली की हा ट्रॅक्टर नाक्यापाशी थांबवायला लावायचा, आत जाऊन ओव्या वाचून यायचा. मुकादम ओरडायचा, "तुझ्या आज्यानं कोयत्याला धार लावून ठिवलीय का बे तिथं?" हा नुसता हसायचा. मला एकदा म्हणाला, "बाई, आमच्या घरात त्याचा फोटू न्हाई. हाडं बी घावली न्हाईत. जे हाय ते येवढंच."

चार वर्षांपूर्वी वाळू वाहणाऱ्या हायवा ट्रकवाल्यांची नजर त्या दगडांवर गेली. आठ दिवसांत बाहेरचा ओटा गायब! धुळाजी तलाठ्याकडे गेला, गेवराईला तहसिलात चकरा मारून चपला झिजवल्या. कोणी दाद देईना. शेवटी माझ्या दारात येऊन रडायला लागला, तेव्हा मी वैतागून म्हणाले, "शेंदूर फासा हो त्या भिंतीला! आज्याला कोणी विचारत नाही, शेंदराला तरी भितील मेले!"

मी रागात बोलले, त्यानं ते मनावर घेतलं. शनिवारी सकाळी तेलात शेंदूर कालवला आणि ओव्यांवर जपून, अलगद फासला. काय सांगू, महिन्यात सगळं थांबलं! तेच हायवावाले ड्रायव्हर खाली उतरून नारळ फोडायला लागले. लोकांनी नावही ठेवलं, नाकोबा. मग काय, दर शनिवारी तेल, दर अमावास्येला नवा शेंदूर. भाकरीएवढा जाड थर चढला. धुळाजी खूश, मीही खूश. आत ओव्या सुखरूप आहेत असंच आम्ही धरून चाललो होतो.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं आणि नाका पाडायचा ठरला. गावाची काही हरकत नव्हती, कारण नाकोबाला पलीकडे टाइल्सचं देऊळ बांधून द्यायचं ठेकेदारानं कबूल केलं होतं. देव हलवता येतो हो, ओव्या कशा हलवणार? तेव्हा संभाजीनगरची एक समिती निजामकाळातल्या वास्तू आणि जुन्या लिहिणाऱ्यांच्या जागा बघत फिरतेय असं मला कळलं. तिच्या यादीत नाव आलं तर रस्ता बाजूनं वळवता येणार होता. मी तीन पत्रं पाठवली. सोमवारी यादी सरकारकडे जाणार, आणि शुक्रवारी सकाळी त्यांची मिनीबस नाक्यापाशी येऊन उभी राहिली.

समितीच्या राजनंदिनीबाईंनी शेंदूर बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "लेखन कुठंय?"

"याच्या आत," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"फोटो?"

एक होता, जुन्या फोनातला. त्यात काळीकुट्ट भिंत आणि माझाच अंगठा. वहीत उतरवलेल्या ओव्या पुढे केल्या, तर त्या हळूच म्हणाल्या, "बाई, वही बघून रस्ता कोणी वळवत नाही. एक ओळ दाखवा. एक अक्षर दाखवा, मी भांडते."

धुळाजीनं खुरपं उचललं. झालं, मिनीबस बघून जमलेलं सगळं गाव खवळलं. "नाकोबाला हात लावशील तर बघ!"

"द्येव न्हाई त्यो!" धुळाजी बेंबीच्या देठापासून ओरडला. "म्याच फासलाय शेंदूर! आत माझा आज्या हाय!"

कोण ऐकतंय! लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तेवढ्यात त्याची बायको भिवराबाई पुढे आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कडेवर वर्षाची संस्कृती, तिच्या मुलीची, सायलीची, लेक. सायलीला आठ वर्षं मूल नव्हतं. भिवराबाईनं नाकोबाला नवस केला, अनवाणी खेटे घातले, तेव्हा ही पोर झाली.

"अगं, म्याच फासलाय," धुळाजी तिला म्हणाला.

"ठावं हाय मला. शेंदराची पुडी माझ्याच फळीवर व्हती की."

"मंग सरक ना!"

"पोर झाली का न्हाई? आन आता त्यो कोपून हिला कायबाय झालं म्हंजे?"

तिनं संस्कृतीला छातीशी धरलं. धुळाजीनं खुरपं खाली केलं. मग म्हणाला, "भिवरे, ही तुझी नात हाय. म्या बी कुणाचा तरी नातू हाय."

ती बाजूला झाली.

त्यानं कोपऱ्यातून खुरप्याचं टोक घातलं. तळहाताएवढा पोपडा सुटला. मागचा चुना चार वर्षं तेल पिऊन लोण्यासारखा मऊ झालेला, तो शेंदराला चिकटूनच आला. आत उघडा दगड. पोपडा उलटा केला, तर नुसता काळपट लगदा. त्यानं खाली नावाच्या जागी खुरपं लावलं. तिथेही तेच. मी खाली बसून पडलेले तुकडे उलटे करून बघायला लागले.

राजनंदिनीबाईंचेही डोळे भरले होते. "बाबा, तुम्ही ओव्या म्हणा, मी उतरून घेते," त्या म्हणाल्या. धुळाजीनं "पाभर चालव सये" म्हटलं आणि पुढे त्याला शब्दच फुटेना. मिनीबसला अजून दोन ठिकाणं बघायची होती. ती गेली. गावही शिव्या घालत पांगलं. धुळाजी एका शब्दानं मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

भिवराबाईनं संस्कृतीला माझ्या मांडीवर दिलं. मग नवऱ्याशेजारी बसली आणि उरलेला शेंदूर नखांनी खरवडायला लागली.

"हितं 'पाभर' व्हतं न्हवं? लग्नाच्या साली तुमीच दावलतं मला."

"आनखी वर," तो म्हणाला.

दुपार टळेपर्यंत दोघांनी ती अख्खी भिंत खरवडली. एक अक्षर निघालं नाही.