तिसरं अपत्य

सरपंच होऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हा मला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. तेही पाचव्या महिन्यात. दोन्ही मुलं शाळेत जात होती, माझं वय अडतीस. पाळी वयामुळे चुकत असेल, असं मी धरून चालले होते. अंजनगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही करता येणार नाही. परतताना गाडीवर नवरा एवढंच बोलला, "पद गेलं."

दोनपेक्षा जास्त अपत्यं असली की ग्रामपंचायतीत राहता येत नाही, हा कायदा आम्हाला ठाऊक होता. उमेदवारी अर्जासोबत मीच तसं लिहून दिलं होतं.

नवऱ्याने तोड काढली. धाकट्या दिराला आणि जावेला लग्नानंतर अकरा वर्षांत मूल नव्हतं. "तिच्या नावावर लावू. लेकरू राहीन तर घरातच," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढे गावाने सगळा दोष त्याच्यावर टाकला. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच नळ येणार होते, पाइपलाइन अर्ध्यात होती. आणि खरं सांगायचं तर ती खुर्ची मला आवडायला लागली होती.

शाल पांघरून मी ग्रामसभा घेतल्या. सातव्या महिन्यात आजारपणाचं कारण सांगून, जावेला सोबतीला घेऊन अकोल्याला मावशीकडे गेले. तिथल्या एका दवाखान्यात जावेचं आधार कार्ड दाखवून बाळंत झाले. मुलगी झाली. जन्मदाखल्यावर आई म्हणून जावेचं नाव लागलं.

तीन महिन्यांत, निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराने तक्रार केली. अमरावतीला सुनावणी लागली. "साहेब इचारतीन, पोरगी कोनाची? तू म्हनजो, माही. बस," नवऱ्याने जावेकडून चार वेळा घोकून घेतलं. ती मान डोलावत राहिली.

सुनावणीला जाताना नवरा जीपमध्ये पुढे बसला होता. आम्ही दोघी मागे, मुलगी जावेच्या मांडीवर. वलगाव मागे पडल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक सांगू? मी तिथं शपथेवर 'माही' म्हनलं, तर ती माहीच होईन. तुमची पाच वर्सं सरल्यावर मांगाले आल्या, तरी मी नाही देनार."

"अशी कावून बोलून राहिली तू?"

"आताच सांगून ठेवलेलं बरं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त धडकी भरली. पुढचा सगळा रस्ता मी मुलीच्या तळपायाकडे बघत होते.

तक्रारदाराच्या वकिलाने दवाखान्याचे कागद मागितले, रक्ततपासणीची मागणी केली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फाइल मिटली आणि थेट जावेला विचारलं, "ही मुलगी तुमची?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिचे ओठ हलले. मी उठून उभी राहिले.

"साहेब, पोरगी माही आहे. मीच बाळंतीण झाली होती."

नवऱ्याने माझा हात धरून खाली ओढलं. मी बसले नाही.

"काय बोलताय, कळतंय का?" साहेब म्हणाले. "पद जाईल. खोट्या कागदांचं प्रकरण वेगळं."

"कळते साहेब. लिहून घ्या."

बाहेर व्हरांड्यात जावेने मुलगी माझ्या हातात दिली आणि स्टँडकडे चालू लागली. बार्शीटाकळीला, माहेरी गेली.

मी अपात्र ठरले. तीन मुलांची आई म्हणून आता मला पुन्हा उभंही राहता येत नाही. खोटी माहिती दिली म्हणून दोन वर्षं आम्ही कोर्टाच्या तारखांना गेलो, शेवटी दंडावर सुटलो. दाखलाही दुरुस्त झाला. नवरा वर्षभर कामापुरतंच बोलला.

जाऊ दोन महिन्यांनी परत आली. घरातलं सगळं करते, पण मुलीला तिने त्यानंतर कधी उचलून घेतलं नाही. मुलगी आता पहिलीत आहे. परवा दोघी तूर निवडत बसलो असताना मी धीर करून म्हटलं, "माह्यावर अजून राग आहे काय?"

तिने सूप खाली ठेवलं. "खरं बोलल्या, ते बरंच केलं. पन देतानी मले कोनी इचारलं नाही, अन् नेतानीही नाही."

मग ती पुन्हा खडे वेचू लागली.