जिभेखालची गोळी

"तिला कावून इचारता? गोळी म्या घातली. वरणात, कुटून."

डॉक्टर अंजलीकडं संशयानं बघत होते, ते तिच्या सासूकडं वळले. "तुम्ही? बैठकीत सांगितलं होतं ना, चोरून द्यायची नाही म्हणून? माणूस मरतो."

"सांगितलं व्हतं."

"मग?"

"मला वाटलं, माझा न्हाई मरायचा."

केशरबाई परळीजवळच्या भट्टीवर तीस वर्षं विटा थापते. हात असले, की तिनं कानाखाली दिली तर माणूस दोन दिवस चावून खाणार नाही. नवरा आश्रुबा दारूतच गेला. पोरगा विलास वीजकेंद्राच्या राखेची गाडी चालवायचा आणि बापासारखाच प्यायचा, बापासारखाच मारायचा. गेल्या उन्हाळ्यात सासू-सुनेनं त्याला दाव्यानं बांधून जीपमध्ये घातला आणि व्यसनमुक्ती केंद्रात नेला. महिनाभर दर रविवारी घरच्यांची बैठक. दोघी मजुरी बुडवून जायच्या.

सुटताना डॉक्टरनं गोळ्या दिल्या. ही अंगात असली आणि वरून दारू प्याली, की छाती फुटायला येते. बायकोनं रोज सकाळी द्यायची, त्याला सांगून, समोर.

अंजली द्यायची. विलास गोळी जिभेखाली दाबायचा आणि मोरीत जाऊन थुकायचा. एक दिवस केशरबाईला मोरीत पांढरा गोळा दिसला. तिनं सुनेला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोळी कुटली आणि पोराच्या डब्यातल्या वरणात टाकली.

चौथ्या दिवशी विलास डबा खाऊन बिनघोर प्याला. गोळी तर थुकली होती. घरी आला तो तोंड लालभडक, श्वास कुत्र्यासारखा. अंजलीची वेणी धरली.

"इख घातलं का गं मला, रांडे? तुझ्याच हातचं खातो म्या!"

"न्हाई वो! आईच्यान न्हाई!"

तिचं तोंड त्यानं उंबऱ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. दात पडला. केशरबाई भट्टीवरून जेवायला आली होती, विटेचा लोखंडी साचा हातात, दारातच उभी. एक शब्द बोलली असती तर भागलं असतं. जीभ उचलली नाही. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिनं साचा पोराच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. तो तिथंच ओकत पडला, डोळे पांढरे झाले. शेजाऱ्यांनी उचलून केंद्राच्याच दवाखान्यात आणला.

डॉक्टरपुढची आईची कबुली खाटेवरच्या विलासनंही ऐकली. त्यानं लाथ मारून सलाईनचा दांडा पाडला.

"माय हायस का कसाई? मेलो असतो की!"

"आन् तू थुकत व्हतास, तवा मला इचारलंस का बे?"

तो तिच्या तोंडावर थुकला. तिनं पदरानं पुसलं आणि त्याच्या थोबाडीत दिली. नर्सनं तिला बाहेर काढलं.

बाहेर बाकड्यावर अंजली, ओठ वांग्याएवढा सुजलेला. ती बोलली.

"आत्याबाई, तुमी दारात उभ्या व्हत्या."

"व्हते."

"गोळीचं ठावं व्हतं तुमाला."

"व्हतं."

संध्याकाळी अंजलीचा भाऊ आला आणि तिला माहेरी उमापूरला घेऊन गेला. जाताना सासूच्या पाया पडली नाही. केशरबाईनंही थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

विलास घरी आला, हाताला प्लास्टर. डॉक्टरनं दोनच वाटा ठेवल्या होत्या: परत केंद्र, नाहीतर समोर गोळी. तो म्हणाला, "गोळी दे. पर माझ्या देखत."

अंगातली दारू उतरायला डॉक्टरनं सांगितले तेवढे दिवस गेल्यावर केशरबाईनं सकाळी गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. पाणी पाजलं.

"आ कर."

केला.

"जीभ उचल."

उचलेना. तिनं अंगठा आत घातला. त्यानं कचकन चावला. रक्त आलं तरी तिनं अंगठा काढला नाही, डाव्या हातानं त्याचं नरडं धरलं. दोघं मायलेक चुलीपुढं तसेच, घुसमटत, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. शेवटी त्याचा घोट खाली गेला. जबडा सुटला. जिभेखाली काही नव्हतं.

"उद्या बी चावीन."

"चाव. धा बोटं हायेत."

तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली, भाकरी फडक्यात बांधली आणि भट्टीवर गेली. विटांच्या मातीचा गारा तसाच पडला होता. तिनं लुगडं खोचलं, पाय घातले आणि तुडवायला लागली.