दुसऱ्या भागाचं पारायण

कादंबरी वाचणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण कादंबरीचं पारायण करणारी बाई एकच आहे आणि ती माझी सासू आहे. भोकरला त्यांच्या ओसरीत एक चौरंग आहे. त्यावर श्रावणात पोथी वाचली जायची. एका दिवाळीत माझी बायको अर्धवट वाचलेली कादंबरी माहेरी विसरून आली. आजच्या काळातली एक डॉक्टरीण बारवेच्या पायऱ्या उतरता उतरता थेट यादवांच्या काळात पोचते आणि तिथल्या सेनापतीच्या प्रेमात पडते, अशी ती गोष्ट. पुढच्या खेपेला गेलो, तर पुस्तक चौरंगावर, बाजूला उदबत्ती, समोर आठ-दहा बायका आणि सासूबाई अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, पोथीच्या चालीत वाचताहेत! "सेनापतीनं तिचा हात हातात घेतला" हे वाक्य त्यांनी इतक्या गंभीर सुरात म्हटलं, की मी मुकाट्याने चपला काढल्या आणि हात जोडून बसलो.

वाचनाचे नियम कडक होते. मध्ये बोलायचं नाही, प्रकरण अर्ध्यावर सोडायचं नाही. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी एकदा चोरून शेवटचं पान उघडलं, तेव्हा त्यांना चार दिवस ओसरीवर मज्जाव झाला. सासूबाईंना स्वतःला मात्र सगळं माफ. डॉक्टरणीला भूल न देता कुणाचा पाय कापावा लागला, तेव्हा त्यांनी वाचन थांबवून साऱ्या यादवकाळाला शिव्या घातल्या. चुंबनाचे प्रसंगही त्या एक शब्द न गाळता वाचत. मी खाली मान घातली, तर म्हणाल्या, "सेनापतीला लाज वाटली न्हाई, मला काऊन वाटावी?"

श्रोत्यांत पहिला मान खैरूनबीचा. समोर तिचं बांगड्यांचं दुकान, चाळीस वर्षांचा शेजार. एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून ती चौरंगाला अगदी खेटून बसे. पहिला भाग संपला तो नेमका लढाईत. सेनापती घायाळ होऊन पडतो आणि त्याच क्षणी डॉक्टरीण आजच्या काळात परत खेचली जाते. त्या दिवशी खैरूनबी जेवली नाही. त्यातच तिचा मुलगा लातूरहून आला आणि म्हणाला, अम्मीला आठ दिवसांनी कायमची घेऊन जातो. संध्याकाळी मला सासूबाईंचा फोन.

"जावई, दुसरा भाग घेऊनच या. ते माणूस जित्तं हाय का मेलं हे कळल्याबिगर मी खैरूनला जाऊ देणार न्हाई."

नांदेडची तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्यात एकच प्रत होती, तीही कुणा बाईंसाठी राखलेली. मी म्हणालो, पारायणाला हवी आहे. दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं आणि निमूट पुस्तक बांधून दिलं.

बेचाळीस प्रकरणं, सात दिवस. सासूबाईंनी सप्ताह जाहीर केला. मुखपृष्ठावर जोडपं मिठीत होतं, म्हणून पुस्तक पिवळ्या कापडात गुंडाळलं, आणि तिथेच घोटाळा झाला. गल्लीत बोभाटा झाला की इथं सप्ताह बसलाय. लोक फुलं वाहू लागले, नारळ आणू लागले. सासूबाईंचे दुसरे, धर्माबादचे व्याही सहज भेटायला आले होते, त्यांनी पुस्तकावर डोकं टेकवून विचारलं, "कोणती पोथी?"

"यादवांच्या काळातली हाय," सासूबाई म्हणाल्या. व्याही तीन प्रकरणं डोळे मिटून बसले आणि दुसऱ्या दिवशी धर्माबादहून त्यांचा फोन आला, "सेनापतीचं घोडं सापडलं का?"

सातव्या दिवशी दारात गाडी उभी राहिली. सामान बांधलेलं, मुलगा हॉर्न वाजवतोय आणि दोन प्रकरणं बाकी. सासूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. शेवटी तोच आत येऊन उंबऱ्यापाशी बसला. डॉक्टरीण पुन्हा बारव उतरली. एकेक पायरी सासूबाई जणू स्वतःच उतरत होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं होतं. दाढी पिकलेली, पाय लंगडा, पण तोच.

"जिंदा हाय! बाई, जिंदा हाय वो!" खैरूनबी ओरडली. नियम मोडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. नारळ फुटले, साखर वाटली, गाडीवाला मुलगा डोळे पुसत होता. आमच्या लग्नातही त्या ओसरीवर एवढा जल्लोष झाला नव्हता. खैरूनबीने सासूबाईंच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि ती गाडीत बसली.

पुढे तिसरा भाग आला. मी तो लगेच पोचवला. पण चार महिने झाले, पुस्तक तसंच पडून आहे. बाकीच्या बायका विचारून थकल्या. मी म्हणालो, फोनवर वाचून दाखवा.

"तिला फोनवर धड ऐकू येत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. "ती पोरगी आठशे वर्सं मागं जाऊन येती, जावई. आन् मला लातूरला न्यायला कोणाला सवड न्हाई."

मला फार लाज वाटली. येत्या रविवारी मी त्यांना घेऊन निघतोय. खैरूनबीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथं ना ओसरी ना शेजारणी. सासूबाईंना चालणार आहे. त्या म्हणतात, तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायला जागा असली म्हणजे झालं.