जपानी पोरगी आणि गझालाचा जबाब

गझालाला किळस लवकर येते, हे आर्णीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पानाची पिचकारी दिसली की ती रस्ता बदलायची. दुसऱ्याचं बोट बुडालेला चहा तसाच ओतून द्यायची. लग्न होऊन वर्षाच्या आत ती माहेरी परतली, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, हिला नवऱ्याचीही किळस आली असेल. त्यात खोटं काही नव्हतं. तो माणूस हात उगारायचा आणि मग त्याच हाताने मिठाई भरवायचा. मार तिने सोसला असता एक वेळ, पण त्या मिठाईची तिला शिसारी यायची.

माहेरी तिचे अब्बा रहमत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. कथील वितळवून तार कशी डाखायची, बटण कसं बसवायचं, हे त्यांनी पोराला शिकवायला घेतलं आणि शिकली पोरगी. अब्बा गेल्यावर दुकान धाकट्या भावाकडे, फैजकडे आलं. पण दुरुस्तीला आता कोण येतो? बिघडला की नवा घ्या, असा जमाना. फैजने दुकानात दोन टीव्ही मांडले आणि व्हिडिओ गेमचा धंदा सुरू केला. नाव फैजचं, राबायची गझाला. खेळ लावून देणं, तुटलेल्या वायरी जोडणं, पोरांची भांडणं सोडवणं, सगळं तिच्या गळ्यात.

त्या खेळांत एकाची तिला भारी चीड होती. जेद्दाहहून मामेभावाने जुनं मशीन आणलं, त्याच्या खोक्यात ही जपानी सीडी निघाली. त्यात एक शाळकरी पोरगी असते. तिला नामांकित गाणारी करायचं, हा खेळ, आणि खेळणारा तिचा मालक. आधी तिने रस्त्यावर गायचं, मग हॉलमध्ये, मग हजारोंच्या मैदानात. मधेमधे काळी भुतं येतात, त्यांच्याशी गात-नाचत लढायचं. जिंकली की तिची ताकद वाढते आणि नवा फ्रॉक मिळतो, आणि प्रत्येक नवा फ्रॉक आधीच्यापेक्षा वीतभर तोकडा. लिखाण सगळं जपानी, त्यातलं अक्षर कुणाला कळत नसे. आकडे तेवढे ओळखीचे. पोरगी दमली तरी हसते, तापाने फणफणली तरी हसते. चक्कर येऊन पडली की समोरची गर्दी दुप्पट टाळ्या पिटते. "कोण हरामखोर बसून हे बनवत असन," म्हणून गझाला तोंड फिरवायची.

आणि हा खेळ खेळायला यायचा कोण, तर फुलसिंग. जवळच्या तांड्यावरचा, चाळिशी ओलांडलेला, मूलबाळ नसलेला बंजारा गडी. रामराव म्हणून मोठे शेतकरी होते, त्यांच्या कपाशीवर तो फवारणी करायचा. बाजाराच्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दुकानात यायचा आणि बरोब्बर एक तास त्या पोरीसमोर बसायचा. एवढा घोडा झालेला माणूस फ्रॉकातल्या पोरी बघत बसतो, म्हणून गझाला सुरुवातीचे दोन महिने त्याच्याशी धड शब्दही बोलली नाही.

मग एकदा तिच्या लक्षात आलं की त्याची पोरगी अजून पहिल्याच कपड्यांत आहे. शाळेचा लांब कोट, गळ्यापर्यंत बटणं. मिळालेले सगळे फ्रॉक त्याने खेळातल्या पेटीत तसेच ठेवले होते.

"फुलसिंगभाऊ, नवा कपडा घाला ना तिले. मार्क जास्त भेटते."

"भेटू दे," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "थंडी लागन ना पोरीले."

ती जरा दमली की तो तिला लगेच झोपवायचा. खेळात झोपवायची सोय होती. पण झोपवलं की दिवस फुकट जातो, म्हणून दुसरं कोणी ती वापरत नसे. अशा चालीने नऊ महिन्यांत त्याची पोरगी लहानशा हॉलपलीकडे गेली नाही. त्याचं काही अडलं नाही. त्या दिवसापासून गझाला त्याच्यासाठी बरी खुर्ची राखून ठेवू लागली.

ते साल दोन हजार सतराचं. कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडात अळी शिरलेली. रामराव दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारायला लावत. तोंडाला फडकं नाही, हाताला मोजे नाहीत. माणसाहून उंच झाडावर फवारायचं म्हणजे निम्मं औषध परत आपल्याच तोंडावर पडतं. फुलसिंग म्हणाला, डोळे जळून राह्यले मालक, आज बसू द्या. रामराव म्हणाले, दोन तास राह्यले, आटपून घे. जपानी पोरीला मिळायची तेवढी झोपही या माणसाला कोणी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तो आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाई, आज पडदा काहून धुरकट दिसून राह्यला?"

पडदा लख्ख होता. गझालाने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं तर ते लाल भडक. तेवढ्यात तो उठला आणि उंबऱ्यावरच ओकला. औषधाचा उग्र वास दुकानभर पसरला. फैज नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला. बोट बुडालेला चहा ओतून देणाऱ्या गझालाने आपल्या ओढणीने त्याचं तोंड पुसलं, ऑटो बोलावली आणि त्याला घेऊन थेट यवतमाळचा दवाखाना गाठला.

जीव वाचला. नजर गेली. समोर धरलेली बोटं मोजता येईनात. त्या हंगामात तो एकटा नव्हता, गावोगावची माणसं तिथे खाटांवर पडली होती, म्हणून वरून चौकशी लागली. फवारणीने डोळे गेल्याचं ठरलं तर फुलसिंगला भरपाई मिळणार होती, आणि रामरावांना उत्तर द्यावं लागणार होतं.

मग रामरावांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "फवारणीनं नाई गेले डोये. कवा पाहावं तवा त्या जपानी नाचणारीसमोर. दिवसाचे सहा-सहा तास टीव्हीत डोये घातल्यावर जातीन नाई तं काय?" झालं. पारावर, चहाच्या टपरीवर हेच. परवापर्यंत ज्याला भला माणूस म्हणत होते, तो एका आठवड्यात बाईवेडा ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटलं की दोर वळायला गावात माणसांची वानवा नसते.

दुकानाची आणि मागची राहायची खोली रामरावांच्या मालकीची. ते सीताफळांची पिशवी घेऊन आले आणि गझालाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, चौकशीचे साहेब उद्या येतीन. सहा तास बसे म्हणून सांगजो. एवढंच. खोली तुमचीच समजा."

डोक्यावरचा तो हात तिला ओल्या पालीसारखा वाटला. ते गेल्यावर तिने केस धुतले.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. खेळ थांबवताना मशीन प्रत्येक खेळणाऱ्याची नोंद ठेवतं, पोरगी कुठवर पोचली आणि आजवर एकूण किती तास खेळ झाला. गझालाने मशीन लावून पाहिलं. फुलसिंगचे नऊ महिन्यांचे मिळून अडतीस तास. तिने आनंदाने फैजला हाक मारून दाखवलं. "पाह्य, साहेबाले फक्त हे दाखवाचं. आपल्याले काही बोलाचीही गरज नाही." फैज सीताफळ खात होता. तो बी थुंकला आणि हूं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. अर्धा जबाब त्यांनी येतानाच लिहून आणला होता. त्यात 'व्हिडिओ गेमच्या अतिवापरामुळे' अशी ओळ होती. रामराव खुर्चीत, फैज दाराशी. गझालाने मशीन सुरू केलं.

फुलसिंगची नोंद नव्हती. त्या जागी एक कोरी करकरीत पोरगी उभी होती. तिने कमरेत वाकून नमस्कार केला, हसली आणि आपलं नाव लिहायला रिकामी चौकट पुढे केली.

"जुनं मशीन हाय साहेब," फैज म्हणाला. "गेलं असन उडून."

गझाला दुरुस्तीवाल्या बापाची लेक. तिने बाकीचे खेळ उघडून पाहिले. पोरांच्या मोटारींच्या शर्यती, कुस्त्या, सगळ्या नोंदी जागच्या जागी. उडाली ती एकच. आणि नोंद पुसायची तर मशीन दोनदा विचारतं, नक्की पुसू का म्हणून. तिच्या भावाने दोनदा हो म्हटलं होतं. ज्याला तिने कडेवर खेळवलं, ज्याचा शेंबूड पुसला, त्याचीच तिला किळस आली. ती तिने गिळली.

"मग किती तास लिहू?" साहेबांनी विचारलं.

"बाजाराच्या दिवशी एक तास. नऊ महिन्यांत अडतीस. लिहा," गझाला म्हणाली. "त्याची नोंद या मशीनमधी होती. काल मी माह्या डोयांनी पाह्यली. रातीतून ती पुसली. पुसणाऱ्याचं नाव फैज शेख रहमत, माहा सख्खा भाऊ."

फैजचा चेहरा उतरला. "आपा, राह्यचं कुठं आपण?"

"अन् औषध अंगावर घेऊन आलता तो माणूस, त्याची उलटी मी पुसली. वास औषधाचा होता. तेही लिहा."

रामराव हसत म्हणाले, घरातल्या भांडणाचा राग आहे साहेब, बायकांचं काय ऐकता. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फैजकडे. मग आधी लिहून आणलेली ती ओळ त्यांनी आडवी रेघ मारून खोडली आणि कागद गझालापुढे सरकवला. तिने पूर्ण नाव लिहून सही केली.

त्याच दुपारी अब्बांची अवजारं पिशवीत घालून ती यवतमाळच्या गाडीत बसली. पुढे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला एका कारखान्यात तारा डाखायचं काम तिला मिळालं आणि ती तिथेच राहिली, पण ते नंतरचं. त्या दिवशी ती आधी दवाखान्यात गेली. फुलसिंग डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता. जबाब झाल्याचं तिने सांगितलं. दुसरी गोष्ट सांगायला तिची जीभ रेटेना, पण खोट्याची तिला त्याहून घाण वाटायची.

"भाऊ, तुमची पोरगी फैजनं पुसून टाकली."

 त्याने आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"म्हंजे आता तिले कोणी नाचवत नाई ना?"

"नाही."

"मंग सुटली बिचारी," फुलसिंग म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.