चौथी चासी

संस्थानं विलीन झाली आणि राजांच्या शर्यतीच्या गाड्या भंगारात निघाल्या. त्यातल्या चार गाड्यांच्या चासी, म्हणजे खालचे लोखंडी सांगाडे, आमच्या शाळेसमोरच्या मिस्त्रीच्या उस्तादानं घडवल्या होत्या. उस्ताद वारल्यापासून मिस्त्री दिसेल त्या जुन्या गाडीखाली शिरायचा, रॉकेलच्या बोळ्यानं लोखंड घासायचा आणि डोळे मिटून अंगठा फिरवायचा. उस्तादाची खूण म्हणजे छिन्नीचे तीन ठिपके.

"गाडीचा बाप तिच्या पोटाखाली लिवलेला राहते, मास्तर," तो मला सांगे.

तीन सापडल्या होत्या. तिन्ही गंजून गेलेल्या.

एका सकाळी जिनिंग कारखान्याचा कापसाचा गाडा दुरुस्तीला आला. राजांच्या गाड्या भंगारात निघाल्या त्या पहिल्या धांदलीत, उस्ताद जिवंत असताना, मिस्त्रीनंच एक भंगार चासी कापून, जोडून तो बनवला होता. सवयीनं त्याचा अंगठा फिरला आणि जोडापाशी थांबला. दोन ठिपके होते. तिसरा जोडात वितळला होता.

"हा जोड माझाच हाय, मास्तर."

दुपारपर्यंत त्यानं गाडा दुरुस्त करून दिला. आता गाडीखाली शिरताना तो रॉकेलचा बोळा नेत नाही.